कापलेला डायलॉग

फोन खाली ठेवला की पुन्हा वाजत होता. शेवटी मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, तर थोड्या वेळात अण्णा धापा टाकत जिना चढून वर आले.

"शैला, फोन का लागंना झालाय? लोकं आता माझ्या घरात फोन कराय लागल्यात."

"सकाळपासनं सगळ्यांचं एकच, अण्णा. म्हैस कधी लावताय."

"मग सांग की दुपारी लावणार म्हणून."

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. तो लगेच वाजला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच उचलला.

विनोदी नट बबन टोणपे त्या दिवशी पहाटे मुंबईच्या एका दवाखान्यात वारले होते. म्हैस म्हणजे त्यांचा सगळ्यात गाजलेला पिक्चर, 'जावईबापूंची म्हैस'. अण्णा मगदूम म्हणजे राजारामपुरीतल्या एका केबल नेटवर्कचे मालक, आणि मी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसणारी ऑपरेटर. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती.

आता हेही समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. गच्चीवर डिश असायच्या, गच्चीवरच्याच खोलीत मशिनं, आणि तिथून वायरी घराघरांत जायच्या. बाकीची चॅनेल आकाशातून यायची, पण एक चॅनेल आमचं स्वतःचं. त्यावर आम्ही व्हीसीआरमध्ये कॅसेट घालून पिक्चर दाखवायचो. हक्क, परवानगी हे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात नव्हते. मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेला. वर्गात मुलगी एकटीच होते, नोकरीतही एकटीच राहिले. दिवसभर त्या खोलीत मी, व्हीसीआर आणि मॉनिटर. डबा मॉनिटरसमोर उघडायचा आणि त्याच्यासमोरच बंद करायचा.

एक गंमत मात्र होती. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असायच्या. विनोदी पिक्चर लावला की गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकाच वेळी हसणं वर यायचं. आई गेल्यापासून माझ्या स्वतःच्या घरात कुणी हसत नव्हतं. त्यामुळं खरं सांगायचं तर मी त्या हसण्यासाठी बबन टोणपेंचे पिक्चर जरा जास्तच लावायचे. अण्णांना वाटायचं, मला ते फार आवडतात.

त्या दिवशी गच्चीवरून सगळं दिसत होतं. समोरच्या चौकात मंडळानं टोणपेंचा फोटो खुर्चीवर ठेवून हार घातला होता. शेजारी स्पीकर. आधी दुःखाची गाणी लावली, मग कुणाला तरी ती पटली नाहीत, मग टोणपेंची गाणी लावली आणि फोटोसमोर उभी असलेली माणसं मान हलवायला लागली. तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'हसवणारा राजा गेला'. रिक्षांच्या आरशांना काळ्या फिती. आणि दुपारच्या आत एक गवळी आपली म्हैस घेऊन आला. दिवाळीत पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात, तशी सजवलेली. शिंगं रंगवलेली, गळ्यात पट्टा, आणि अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'बबनराव अमर रहे'. म्हैस फोटोसमोर उभी केली. तिनं फोटोचा हार खायला सुरुवात केली. लोक रडत होते ते हसायला लागले, आणि हसल्याबद्दल एकमेकांना रागवायला लागले.

मला त्यात जावंसं वाटत होतं. पण फोन कोण घेणार?

अण्णा खाली गेले आणि थोड्या वेळानं जिन्यात पुन्हा पावलं वाजली. फार हळू. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं इष्टलिंग, हातात छत्री.

"शैलाक्का तुम्हीच न्हवं?"

आवाजावरून ओळखलं. हे कोरेकाका. मागच्या गल्लीत त्यांचं टेलरिंगचं दुकान असायचं, आता डोळ्यांमुळं बंद केलेलं. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण आवाज पाठ होता. मधूनअधून त्यांचा फोन यायचा, आणि मागणी एकच असायची, 'म्हैस' लावा. मी मनात म्हणायचे, म्हातारा बबन टोणपेवर भलताच खूश आहे.

"बसा की काका. फोन लागला नाही म्हणून आलात काय? दुपारी लावणार आहे पिक्चर."

"त्ये कळलं चौकात. मी येगळ्या कामाला आलोय." ते स्टुलावर बसले, छत्री गुडघ्यांत धरली. "खाली ती पट्टी पळवताय न्हवं तुम्ही, जाहिरातीची. ती बाजाराच्या सीनला बंद ठेवाल का? थोडाच वेळ."

पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाला उजवीकडून डावीकडं पळणारी अक्षरं. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा.

"का हो काका?"

"पट्टीखाली तिचं त्वांड जातंय."

"कुणाचं?"

"आमच्या मंडळींचं."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पिक्चरमधला बाजाराचा सीन हातकणंगल्याच्या बाजारात घेतलेला. कोरेकाकांच्या बायकोचं माहेर तिथलं. महादेवी त्यांचं नाव. त्या माहेरी गेल्या असताना शूटिंगवाल्यांनी बाजारातल्या बायकांना सांगितलं, इथं उभ्या राहा, तो बोलला की हसा. कोल्हापूरच्या आसपास हे नवीन नव्हतं. पिक्चरच्या गर्दीत कधी ना कधी उभं राहिलेलं माणूस दर दोन घरांआड सापडायचं. महादेवीबाई उभ्या राहिल्या आणि हसल्या.

"घरी आल्यावर सांगितलं तिनं. मला राग आला. बाजारात चार माणसांसमोर त्वांड उघडून हसलीस म्हणून बोललोच नाही तिच्याशी किती दिवस. पिक्चर लागला तवा म्हणाली, चला की, माझं त्वांड एवढं मोठं दिसतंय म्हणत्यात. गेलो न्हाय मी. ती शेजारणीसंगं जाऊन आली. पुन्हा तिनं त्यो विषय काढला न्हाय." काका छत्रीच्या मुठीकडं बघत होते. "ती गेली. मग एकदा असंच केबलवर बघालतो आणि ही समोर. हसाय लागलेली. घरात तिचा एक फोटो हाय, लग्नातला. त्यात ती भ्यालेली हाय."

"म्हणजे तुम्ही टोणपेंसाठी..."

"छे. मला त्यो आवडत न्हाय. चावट बोलायचा." मग म्हणाले, "मेलेल्या माणसाला कशाला नावं ठेवा. पण आता काय, आज त्याचं कौतुक हुईल, उद्या इसरतील, तुम्ही कॅसेट लावायची बंद करशीला. म्हणून म्हटलं आज नीट बघून घ्यावं. माझे डोळेबी चाललेत."

काकांच्या घरात व्हीसीआर नाही, कॅसेट बाजारात मिळत नाही. त्या पिक्चरची अख्ख्या परिसरात एकच कॅसेट, आमच्याकडची. मी म्हटलं, काका, तुम्ही घरी जाऊन बसा. पट्टी बंद ठेवते. माझा शब्द.

ते गेल्यावर अण्णा वर आले ते कागद नाचवत. श्रद्धांजल्या आल्या होत्या. श्रद्धांजली म्हणजे टोणपेंचा छोटा फोटो आणि त्याच्या शेजारी श्रद्धांजली वाहणाऱ्याचा मोठा फोटो. नगरसेवक, होऊ घातलेला नगरसेवक, दूधवाले, दागिनेवाले, एक व्यायामशाळा. प्रत्येकाला पिक्चरच्या मध्ये पूर्ण पडदा हवा होता.

"अण्णा, एवढ्या वेळा टेप थांबवायची म्हणजे अवघड आहे. रोलर झिजलाय, मी कधीपासनं सांगतेय."

व्हीसीआरमध्ये रबराचा एक छोटा रोलर असतो, तो टेप पुढं ओढतो. तो झिजला की टेप सरळ जात नाही. अशात टेप थांबवली की ती सैल पडते, आणि पुन्हा चालू करताना आत गुंडाळून बसते. आमच्या भाषेत, मशीन टेप खातं.

"आजचा दिस काढ. उद्या रोलर बदलू," अण्णा म्हणाले. "आणि नगरसेवकाची श्रद्धांजली म्हशीच्या डायलॉगच्या आधी. बरोबर तोंडावर थांबव. त्या वेळी घरातनं कोण उठत न्हाय."

तो डायलॉग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सासऱ्यानं जावयाला हुंडा म्हणून म्हैस दिलेली असते. ती दूध देत नाही, नुसती खाते. जावई म्हणजे टोणपे, ती विकायला बाजारात आणतात. गिऱ्हाईक विचारतं, दूध किती देती? टोणपे म्हशीकडं बघतात, गिऱ्हाइकाकडं बघतात आणि हात जोडून म्हणतात, "दुधाचं इचारू नगासा पावणं. सासरकडची हाय, हिला नुसता मान पायजे." आणि बाजार हसतो. कोल्हापुरात त्या काळी लग्नात, म्हशी समोर पिळून दूध देतात त्या दूध कट्ट्यावर, एसटीत, कुठंही कुणी हे वाक्य म्हणायचं आणि माणसं हसायची.

दुपारी पिक्चर लावला. रस्ते मोकळे झाले, चौकातला स्पीकरसुद्धा बंद केला. मी एकेक श्रद्धांजली घालत पुढं चालले. प्रत्येक वेळी टेप चालू करताना मी मशिनाला कान लावायचे. बाजार आला. पट्टी बंद केली. गिऱ्हाईक म्हणालं, दूध किती देती? मी टेप थांबवली. नगरसेवक पडद्यावर हात जोडून उभे राहिले.

पुन्हा प्ले दाबलं आणि आतून कर्रर्र आवाज आला. मशिनानं टेप खाल्ली.

मी नगरसेवकांना पडद्यावर तसंच राहू दिलं आणि व्हीसीआरचं झाकण काढलं. टेप बाहेर काढेपर्यंत फोन सुरू झाले. अण्णा धावत वर आले.

"काय झालं? किती वेळ दावतीयस त्याला? त्याच्या विरुद्ध पार्टीचा फोन आला मला."

मी त्यांना टेप दाखवली. दोन विती चुरगळली होती, कडेला चिरा. अशी टेप तशीच लावता येत नाही. व्हीसीआरमध्ये चित्र वाचणारं हेड असतं, गरगर फिरणारं. चिरलेली टेप त्यात अडकली की मशिनाचं कामच संपलं. खराब भाग कापायचा आणि दोन टोकं मागच्या बाजूनं चिकटपट्टीनं जोडायची, एवढाच उपाय. थोडीशी चुरगळलेली टेप बोटानं सपाट करून चालवता येते, पण हळूहळू करावं लागतं. दोन्ही विती सरळ करायला वेळ नव्हता, आणि एवढी खराब टेप त्या हेडनं सोसलीही नसती.

टेपवर चित्र डोळ्यांनी दिसत नाही. तरी मला हिशोब ठाऊक होता. आम्ही डायलॉगच्या तोंडावर थांबलो होतो. म्हणजे पहिली वीत डायलॉगची, दुसरी बाजाराच्या हसण्याची.

अण्णांनाही तेवढं कळत होतं. "डायलॉग वाचव," ते म्हणाले. "पुढची हसणारी माणसं उडव. ती कुणाला पायजेत?"

"बरं. तुम्ही खाली जाऊन फोन घ्या, कुणी बघत उभं राहिलं की मला नीट कापता येत नाही."

ते गेले. मी कात्री घेतली आणि डायलॉग कापला.

फार विचार केला असं सांगेन तर खोटं होईल. मला एवढंच दिसत होतं की मागच्या गल्लीत एक म्हातारा माणूस टीव्हीच्या पुढ्यात एकटा बसलाय आणि समोर नगरसेवक आहे. दुसरी वीत मी अंगठ्यानं दाबत दाबत सपाट केली. माझ्या घामाचे थेंब त्यावर पडू नयेत म्हणून पदर कपाळाला बांधला. टोकं जोडली, कॅसेट बंद केली, देवाचं नाव घेतलं आणि प्ले दाबलं.

गिऱ्हाईक म्हणालं, दूध किती देती? चित्र हललं, पांढऱ्या रेघा गेल्या. डायलॉगची जागा आली आणि गेली.

आणि खिडक्यांतून आवाज आला. समोरच्या घरातून, खालच्या किराणा दुकानातून, पलीकडच्या फ्लॅटमधून, बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांनी एकदम म्हटलं, "दुधाचं इचारू नगासा पावणं." काही पुढं होते, काही मागं पडले. "सासरकडची हाय, हिला नुसता मान पायजे." कुणीतरी रडत म्हणत होतं, तेही ऐकू आलं.

तेवढ्यात मॉनिटरवर बाजार हसायला लागला होता. डाव्या कोपऱ्यात खाली, जिथून एरवी साड्यांचा सेल पळायचा, हिरव्या लुगड्यातली एक बाई. आधी पदर तोंडाला लावते, मग विसरते. मान मागं टाकून हसते. चेहऱ्यावर थोड्या सुरकुत्या दिसत होत्या, त्या टेपच्या होत्या. दोन पिक्चर एका दमात बघणारी मी, त्या बाईकडं यापूर्वी कधी बघितलं नव्हतं.

मग फोन. डायलॉग कुठं गेला, पैसे कशाचे घेता, मेलेल्या माणसाचा अपमान केलात, मंडळ घेऊन येतो. मी सगळ्यांना म्हटलं, चूक झाली. त्यात एक फोन असा आला की पलीकडं कुणी बोलेना.

"काका?"

"दिसली," ते म्हणाले. आणि मग, "तुमचा त्यो डायलॉग गेला की, अक्का."

"जाऊ दे. सगळ्यांना पाठ आहे."

अण्णांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. पण नगरसेवकाच्या माणसांनी येऊन दमदाटी केली होती. अण्णा म्हणाले, "शैला, तुझं काळीज लई मऊ हाय. असल्या माणसाला ह्या खोलीत बसवून माझं भागायचं न्हाय." माझी बदली खाली अण्णांच्या दुकानात रिपेअरिंगच्या टेबलावर झाली. गच्ची गेली, खिडक्यांतून येणारं हसणं गेलं. ते मला फार लागलं. पगार तोच होता, पण मी काही दिवस घरी जाऊन रडायचे.

कॅसेट अण्णांनी भंगारात टाकली, जोड दिलेली पुन्हा कशाला लावा म्हणून. मी ती उचलली आणि टेस्ट कॅसेट केली. दुरुस्त केलेला व्हीसीआर गिऱ्हाइकाला देण्याआधी एखादी कॅसेट लावून बघावी लागते, ती टेस्ट कॅसेट. गिऱ्हाइकाच्या मशिनाच्या हेडवरून जोड न्यायचा नाही म्हणून मी ती नेहमी जोडाच्या पुढून सुरू करायचे. म्हणजे थेट हसण्यापासून.

कोरेकाका अधूनमधून दुकानात यायचे. स्टुलावर बसायचे, छत्री गुडघ्यांत. मी लावायचे, ते पडद्याला नाक लावून बघायचे. एकदा मी त्यांना सांगितलं, प्रत्येक वेळी टेप थोडी झिजते. त्यानंतर त्यांनी येणं कमी केलं. मी नव्या कॅसेटवर उतरवून दिलं, तर कॉपीत रंग फिका आला आणि चेहरा वितळल्यासारखा झाला. "ही न्हवं," म्हणाले आणि ती मलाच परत दिली.

मग सीडी आल्या. 'म्हैस'चीही आली. मी धावत जाऊन घेतली, बघितली. डायलॉग होता. दोन सीडींत बसवायला पिक्चर जागोजागी कातरला होता, आणि बाजाराचं हसणं टोणपेंच्या पाठमोऱ्या आकृतीवर नुसतं ऐकू येत होतं. 'हसणारी माणसं कुणाला पायजेत' असं अण्णांनी विचारलं होतं, तसंच त्या कंपनीतही कुणीतरी विचारलं असणार.

कोरेकाका गेले ते मला तालमीच्या फळ्यावरून कळलं. खडूनं एक ओळ होती. नाव, आणि अंत्यविधीची वेळ. मी गेले. मुलगी बेळगावकडून आलेली, तिची सासरची माणसं, दोन शेजारी आणि मी. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मला बोलावंसं वाटत होतं, पण मी त्यांची कोण म्हणून बोलणार? मुलीनं विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, केबलची.

दुकानात आले आणि कॅसेट लावायला घेतली. आणि पहिल्यांदाच मनात आलं, हिला आता हसायला कारणच नाही. ज्यावर ती हसली ते मी माझ्या हातानं कापलंय. नवख्या माणसानं बघितलं तर म्हणेल, ही बाई उगीच काय हसतेय. बघणारा एक होता, तोही गेला.

या धंद्यात एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली. जे सगळ्यांना पाठ आहे ते टेपवर नसलं तरी चालतं. जे एकालाच पाठ आहे ते आधी वाचवावं, कारण त्याची दुसरी कॉपी नसते.

माझ्याकडं अजून एक चालू व्हीसीआर आहे. वर्षातून एकदा, टेप झिजते म्हणून एकदाच, मी ती कॅसेट घालते. दार लावून घेते. प्लेवर बोट ठेवते आणि डायलॉग आपणच म्हणते, "दुधाचं इचारू नगासा पावणं. सासरकडची हाय, हिला नुसता मान पायजे." मग बटण दाबते, आणि महादेवीबाई हसतात.